ऑइल प्रेशरची सुई कुणाचं ऐकते?

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात धुकं उतरलं की दुपारी चारलाच अंधारून येतं. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमची जुनी डिझेल गाडी घेऊन मी पुण्याहून माणगावकडे निघालो होतो, शेजारी वडील बसले होते. धुकं दाटलं म्हणून हेडलाइट लावले आणि डॅशबोर्डवरची ऑइल प्रेशरची सुई तीनवरून घसरत दीडवर आली. मागच्यांना दिसावं म्हणून चारही इंडिकेटर चालू केले, तर त्यांच्या टिकटिकीबरोबर सुई मान डोलवायला लागली. टिक झालं की खाली, टक झालं की वर.

वडील म्हणाले, "बाजूला घे आधी." घेतली. इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबलो, डिपस्टिक काढून पुसून पुन्हा घातली. ऑइल वरच्या खुणेच्या जरासं खाली, म्हणजे व्यवस्थित. गाडीखाली ठिबका नव्हता. पुन्हा चालू केल्यावर लाल दिवा लगेच विझला आणि इंजिनाचा आवाज रोजचाच होता. जपून माणगाव गाठलं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात दाखवलं. सुईकडे बघून निकाल लागला, "साहेब, बेअरिंग गेलीत. इंजिन खोलावं लागेल. चाळीस हजार धरून चाला." मी खचलोच. पण त्याच आवारात वायरिंगचं काम करणारे एक वयस्कर मामा होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अहो, दिवा लावल्यावर कधी ऑइल कमी होतं का?"

त्या प्रश्नानं माझे चाळीस हजार वाचले. हा लेख त्या प्रश्नाभोवतीच आहे. सुई वेडीवाकडी हलायला लागली की "प्रेशर किती दाखवतंय" हे नंतर पाहायचं. आधी पाहायचं की सुई कशाबरोबर हलतेय, कुणाचं ऐकतेय. इंजिनाच्या फेऱ्यांचं आणि ऑइलच्या गरमपणाचं ऐकत असेल तर ती बहुधा खरं बोलतेय. दिव्यांचं, खड्ड्यांचं, पावसाच्या ओलीचं ऐकत असेल तर बहुधा वायरिंगचा घोळ आहे.

पण त्याआधी जिवाची गोष्ट. सुई शून्यावर गेली आणि लाल ऑइलचा दिवाही लागला, किंवा सुई पडली आणि इंजिनातून ठकठक सुरू झाली, तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन तिथेच बंद करायची. "गॅरेज दोन किलोमीटरवरच आहे" हा विचार करायचा नाही. ऑइलवाचून क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंग जळायला दोन किलोमीटर फार झाले. टोइंगचे पैसे इंजिनाच्या कामापुढे काहीच नाहीत. पुढचं सगळं वाचायचं ते गाडी उभी करून.

दाब येतो कुठून

ज्यांनी शेतात ठिबक बसवलंय त्यांना हे पटकन कळेल. मोटार पाणी ढकलते, ते फिल्टरमधून मेन लाइनला, तिथून सबमेनला, तिथून लॅटरलला जातं आणि शेवटी ड्रिपरमधून थेंब-थेंब बाहेर पडतं. फिल्टरजवळच्या गेजवर दाब दिसतो तो मोटारीमुळे, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की ड्रिपरची छिद्रं बारीक असल्यामुळे पाण्याला सहज निसटता येत नाही, म्हणून दाब टिकतो. उंदरानं चार ठिकाणी लॅटरल कुरतडली की मोटार तीच, पाणी तेवढंच, आणि गेजची सुई मात्र खाली.

इंजिनात हेच चालतं. खाली ऑइलचं चेंबर, त्यात बुडालेली जाळी. तिथून पंप ऑइल ओढतो, फिल्टरमधून मेन गॅलरीत ढकलतो आणि गॅलरीतून ते क्रँकच्या, कनेक्टिंग रॉडच्या, कॅमच्या बेअरिंगना पोचतं. इथे ड्रिपर म्हणजे बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यातली फट. ही फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते. झिजून ती वाढली की ऑइल भराभर निसटतं आणि दाब पडतो. त्यातही गणित कठोर आहे. दाब तोच धरला तर गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. म्हणून वर्षानुवर्षं ठीक असलेलं इंजिन शेवटच्या काही हजार किलोमीटरमध्ये झपाट्यानं ढासळल्यासारखं वाटतं.

पंप इंजिनाबरोबर फिरतो. रेस दिली की जास्त ऑइल, म्हणून जास्त दाब. तो वाटेल तेवढा वाढू नये यासाठी स्प्रिंगवर बसलेला रिलीफ व्हॉल्व्ह असतो. ठरलेल्या दाबाला, बऱ्याच इंजिनांत साधारण चार-पाच बारच्या आसपास, तो उघडतो आणि जादा ऑइल परत सोडतो. बार म्हणजे किती, तर टायरमध्ये आपण ३२ पीएसआय हवा भरतो ती सव्वादोन बारच्या जवळपास. जुन्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर लिहिलेलं असतं. ते आणि बार जवळजवळ एकच, रोजच्या कामात फरक धरायचं कारण नाही.

सकाळी गाडी चालू केल्यावर सुई चारच्या वर आणि तासभर चालवून सिग्नलला थांबल्यावर एकच्या आसपास, हे पाहून पुष्कळ जण घाबरतात. घाबरू नका. १५डब्ल्यू-४० या दाटपणाच्या दर्जाचं ऑइल ४० अंश सेल्सिअसला जेवढं दाट असतं, त्याच्या सात-आठ पट पातळ ते १०० अंशाला होतं. पातळ ऑइल फटीतून लवकर निसटतं, त्यात स्लोमध्ये, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, पंप हळू फिरतो. दोन्ही मिळून सुई उतरते. हा इंजिनाचा नेहमीचा श्वास आहे. ढोबळ हिशेब असा की गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय तरी दाब हवा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच खरा मानायचा.

पंपाचा हा दाब शाफ्टला उचलून धरतो असा एक समज आहे, तोही इथेच दूर करतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोचँप टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. ऑइल सोडायला त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर शाफ्ट फिरताना त्या भोकातून ऑइल उलट बाहेर यायला लागलं. बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग त्यांनी तिथे गेज लावला. बेअरिंगवर सरासरी भार होता १०० पीएसआयचा आणि गेजनं २०० च्या वर उडी मारली. फिरणारा शाफ्ट ऑइलला निमुळत्या फटीत स्वतःच ओढून घेतो आणि ऑइलच्या त्या पाचरीवर तरंगतो. ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. आपल्या पंपाचं काम एवढंच, त्या फटीपर्यंत ऑइल अखंड पोचवत राहायचं. म्हणून आकडा थोडा कमी असण्यापेक्षा पुरवठा तुटणं जास्त धोक्याचं. सुई कमी असून स्थिर असेल तर विचार करायला वेळ असतो. थरथरत असेल आणि ती थरथर खरी असेल, तर ऑइलऐवजी मधे-मधे हवा जातेय.

सुईपर्यंतचा प्रवास

आता दाब आणि सुई यांच्या मधे कोण-कोण बसलंय ते पाहू. सगळ्यात साधा गेज मेकॅनिकल. इंजिनापासून बारीक नळी थेट गेजपर्यंत येते आणि आत वाकवलेली चपटी नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि सुई फिरवते. फ्रान्सच्या यूजीन बूर्दों यांनी १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं. ठिबकच्या फिल्टरवर असतो तो हाच. याला वायर नाही, अर्थिंग नाही, बॅटरी नाही. म्हणून तो सहसा फसवत नाही.

गाड्यांत मात्र बहुतेक करून इलेक्ट्रिक गेज असतो. इंजिनाच्या अंगावर लिंबाएवढा डबीसारखा सेंडर घट्ट बसवलेला असतो. आत पातळ पडदा. ऑइलनं पडदा ढकलला की एक छोटा हात तारेच्या वेटोळ्यावरून सरकतो आणि रोध बदलतो. गेजमधून आलेला करंट या रोधातून जातो आणि सेंडरच्या आट्यांमधून इंजिनाच्या लोखंडात उतरतो. परतीची वेगळी वायर बहुतेकांना नसते. इंजिन हीच परतीची वाट, आणि इंजिनापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जायला अर्थिंगची विणलेली पट्टी. सगळी मेख इथे आहे.

युरोपीय धाटणीच्या सेंडरमध्ये शून्य दाबाला रोध सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम असतो. अमेरिकी धाटणीत नेमकं उलट, शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. म्हणून एकच बिघाड दोन गाड्यांत दोन उलट गोष्टी दाखवतो. सेंडरची वायर तुटली तर पहिल्या प्रकारात सुई वरच्या टोकाला चिकटते आणि दुसऱ्यात शून्यावर पडते. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन "ऑइल प्रेशरचा सेंडर द्या" एवढंच सांगून आणलात आणि गेज एका जातीचा, सेंडर दुसऱ्या जातीचा निघाला, तर इंजिन बंद असताना भरपूर दाब आणि चालू केल्यावर शून्य दिसेल. जुना सेंडर सोबत न्यावा. त्यावर दोन टोकं असतील तर खुणा बघाव्यात. काहींवर 'जी' म्हणजे गेजची वायर आणि 'डब्ल्यूके' म्हणजे लाल दिव्याची. अदलाबदल झाली की दोन्ही खोटं बोलतात.

आपल्याकडच्या आजच्या बहुतेक कारमध्ये सुई नसतेच, नुसता लाल दिवा असतो. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली दाब गेला की दिवा लावतो. म्हणजे दिवा विझलेला आहे याचा अर्थ "सगळं उत्तम" असा होत नाही. एवढाच होतो की दाब अगदी तळाला गेलेला नाही. पण सुई आणि दिवा यांचे सेन्सर वेगळे असतील तर ते दोन स्वतंत्र साक्षीदार. चालू इंजिनावर सुई शून्य आणि दिवा मात्र विझलेला असेल, तर आधी सेंडरवर संशय घ्यायला जागा आहे.

काही कंपन्यांनी तर सुई खोटीच करून टाकली. माझदा एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये आधी खरा सेंडर होता. १९९५ च्या मॉडेलपासून मागे नुसता स्विच आला. दाब आहे म्हटलं की सुई मधोमध, नाही म्हटलं की शून्य. गरम इंजिनात सुई उतरणं स्वाभाविक असलं तरी मालकाला ते बघवत नाही, हे त्यामागचं कारण मानलं जातं. मला हे पटत नाही. उतरणारी सुई काय सांगते ते समजावून देता आलं असतं.

सुई वायरिंगचं ऐकत असेल तर

ताम्हिणीत आमच्या गाडीचं काय झालं होतं ते आता सांगता येईल. मामांनी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवली. दोन्ही अर्थच, त्यामुळे आकडा जवळपास शून्य यायला हवा. ०.१ किंवा ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. हेडलाइट लावले तर मीटरवर ०.९ आले. गाडीखाली वाकून त्यांनी इंजिन ते चासीची पट्टी दाखवली. वरून शाबूत. बोल्टजवळ बोटानं दाबली तर विणकामातून हिरवी पूड बाहेर आली. बहुतेक तारा कुजून तुटल्या होत्या, दहा-बारा धागे तेवढे धरून होते.

अल्टरनेटर इंजिनावर बसलेला असतो, दिवे बॉडीवर. दिव्यांचा करंट अल्टरनेटरकडे परत जातो तो याच पट्टीतून. पट्टी कुजली की तेवढ्या वाटेवर व्होल्टेज पडतं, आणि सेंडरची परतीची वाटही तीच असल्यामुळे गेजचा हिशेब चुकतो. दिवा लागला की सुई खाली, इंडिकेटर लागले की टिकटिकीवर डोलणं. ऑइल बिचारं जागच्या जागी होतं. एक खूण मात्र मी दोन महिने नजरेआड केली होती. सकाळी स्टार्टर जड फिरत होता आणि मी बॅटरी जुनी झाली असं समजत होतो. स्टार्टरचा करंटसुद्धा त्याच पट्टीतून जातो. नवी पट्टी टाकली, दोन्ही बोल्टांखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत लोखंड काढलं, वरून ग्रीस लावलं. मीटर ०.०४ वर आलं, स्टार्टर एका झटक्यात फिरायला लागला आणि सुई दिव्यांचं ऐकायची थांबली.

कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर हे आणखी लवकर होतं. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तांब्याला सोडत नाही. पावसाळ्याआधी या पट्टीचे दोन बोल्ट खोलून घासून परत लावणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

दिव्यांशी संबंध नसून खड्ड्यांत सुई उडत असेल तर सेंडरचं कनेक्टर हलवून बघा. टोक सैल, वायर आतून तुटलेली किंवा गरम पाइपला टेकून सोललेली, यांपैकी काहीतरी निघतं. कनेक्टर काढल्यावर आत ऑइल दिसलं तर सेंडरचा पडदा फाटलाय. तो बदलायचाच, कारण पुढे तिथूनच ऑइल गळायला लागेल.

सेंडर झिजण्याची एक लकब आहे. गाडी रोज ज्या वेगाला चालते त्या दाबाला आतला हात वर्षानुवर्षं तारेच्या एकाच जागी थरथरत राहतो आणि नेमकी तीच जागा झिजते. मग सुई स्लोमध्ये नीट, खूप रेस दिली तरी नीट, पण मधल्या एका ठरावीक आकड्यावर आली की एकदम टोकाला उडी मारते. सुई जड वस्तूसारखी हळूहळू सरकते का, की ती क्षणात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचते, हे निरखून पाहा. कारण नसताना क्षणात टोक गाठणं ही वायरीची सवय आहे.

ऑइलबरोबर टेम्परेचर आणि डिझेलच्या सुयाही एकत्र भटकत असतील तर सेंडरला हात लावू नका. तिन्ही सेंडर एकदम बिघडत नाहीत. तिघांचं समाईक काय ते शोधा. गेजच्या मागचं अर्थिंग, किंवा जुन्या गाड्यांत तिन्ही गेजना ठरावीक व्होल्टेज पुरवणारा छोटा स्टॅबिलायझर.

आणि टेफ्लॉन टेप. सेंडरच्या आट्यांतून ऑइल झिरपू नये म्हणून नळाला गुंडाळावी तशी टेप कुणीतरी गुंडाळतं. आटे हीच सेंडरची अर्थिंग, तिलाच आपण प्लॅस्टिकचं पांघरूण घालतो. आटे टेप चिरून कुठेतरी लोखंडाला टेकतात, म्हणून कधी चालतं, कधी नाही, गरम झाल्यावर वेगळं. नवा सेंडर टाकल्यापासून सुई बिघडली असेल तर आधी हेच बघावं.

वायर धड आहे का हे कळायला एक सोपी चाचणी आहे. इग्निशन चालू, इंजिन बंद. सेंडरची वायर काढा, सुई एका टोकाला जायला हवी. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, सुई दुसऱ्या टोकाला जायला हवी. दोन्ही झालं तर गेज आणि वायर ठीक, दोष सेंडरमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा खरंच इंजिनात. टेकवायची ती सेकंदभरच, जास्त वेळ धरली तर काही गेजची आतली गुंडाळी जळते. ही चाचणी जुन्या, एका वायरीच्या सेंडरसाठी आहे. नव्या गाड्यांतल्या तीन वायरींच्या सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा कॉम्प्युटरकडून येतो. तिथे वायरी टेकवायच्या नाहीत, स्कॅनर लावायचा.

शंका उरली तर मेकॅनिकल गेज

इथपर्यंत येऊनही कळलं नाही, किंवा कुणी इंजिन खोलायला सांगितलं, तर माझं ठाम म्हणणं आहे की आधी सेंडर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावून बघा. चांगल्या गॅरेजात तो असतो. नसेल तर ट्रॅक्टर किंवा जनरेटरचं काम करणाऱ्यांकडे मिळतो. खर्च हजारांत नाही, आणि तोच प्रश्न इंजिन खोलून विचारायचा तर दहा हजारांच्या पटीत जातो. या मोजमापाशिवाय इंजिन खोलू देऊ नका.

लावताना आट्यांची काळजी घ्या. एक अष्टमांश इंचाचे अमेरिकी आणि ब्रिटिश आटे नजरेला सारखे दिसतात, पण एका इंचात एकाचे २७ आणि दुसऱ्याचे २८ असतात. हातानं दोन-तीन फेरे बसतात, मग पान्यानं जोर लावला की ब्लॉकचे आटे जातात. अडलं की थांबायचं आणि बरोबर अडॅप्टर आणायचा. नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून आणि पंख्यापासून लांब बांधायची. गरम ऑइलची चिळकांडी अंगावर आली तर भाजतं.

मग तीन आकडे लिहून घ्यायचे. थंड इंजिन चालू केल्यावर, अर्धा तास चालवून गरम झाल्यावर स्लोमध्ये, आणि गरम असतानाच दोन-अडीच हजार फेऱ्यांवर. आमच्या गाडीचे आले साडेचार, सव्वा आणि साडेतीन बार. ज्या इंजिनाची बेअरिंग "गेली" होती त्याचे हे आकडे.

सुई खरं बोलत असेल तर

मेकॅनिकल गेजही हलतोय म्हटल्यावर सुई कोणत्या फेऱ्यांवर, कोणत्या गरमपणाला हलते ते बघायचं. घाटाच्या एकाच बाजूच्या वळणांवर किंवा ब्रेक दाबल्यावर क्षणभर पडून परत येत असेल तर चेंबरमधलं ऑइल कमी आहे. ते एका कडेला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. ऑइल प्रमाणाबाहेर जास्त असेल तरी थरथर येते, कारण क्रँक ते घुसळून फेस करतं.

इंजिन थंड असताना उत्तम आणि गरम झाल्यावर स्लोमध्ये फार कमी, पण रेस दिली की वर येतं, ही झिजलेल्या बेअरिंगची किंवा पातळ झालेल्या ऑइलची चाल. दुसरी शक्यता आधी तपासा. डिझेल इंजिनात इंजेक्टर गळत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वाढते. न भरता वाढलेलं ऑइल ही आनंदाची गोष्ट नव्हे. वास घेऊन बघा. अशा वेळी फार दाट ऑइल ओतून सुई वर आणण्याची चलाखीही केली जाते, विशेषतः गाडी विकायच्या वेळी. म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन थंड असताना चालू करून दाखवली तर तेवढ्यावर समाधान मानू नये. अर्धा तास चालवावी आणि मग स्लोमध्ये सुई बघावी.

दाब कधी मनमानी वर, कधी खाली, आणि एकदा अडकला की तिथेच, असं असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह चिकटतोय. बऱ्याच इंजिनांत तो बाहेरून काढून साफ करता येतो.

उरली एक चाल, आणि ती माझ्या मेहुण्यामुळे जवळून पाहिली. तो तासगावहून पिकअपमधून द्राक्षं नेतो. त्याच्या गाडीत त्यानं बाहेरून मेकॅनिकल गेज बसवून घेतलाय. मागच्या हंगामात त्याचा फोन आला, "दाजी, सुई नाचतेय. तुमच्यासारखंच अर्थिंग असेल, नाही का?" त्यानं अर्थिंगचे बोल्ट घासलेसुद्धा होते. मी विचारलं, कधी नाचते? म्हणाला, साठच्या पुढे. साठपर्यंत साडेतीन बार, पुढे गेलं की थरथरत दोनवर. वेग उतरवला की परत साडेतीन. दिवे लावून काही फरक पडत नाही.

मेकॅनिकल गेजला अर्थिंगच नसतं. तिथे ऐकण्यासारखं ऑइलशिवाय कुणी नव्हतं. हळू असताना नीट आणि फेऱ्या वाढल्या की पडतं, याचा अर्थ पंपाला हवं तेवढं ऑइल ओढायला मिळत नाही. मी त्याला द्राक्षं दुसऱ्या गाडीत भरायला सांगितलं.

चेंबर खाली उतरवलं तेव्हा मी तिथे होतो. पाच महिन्यांपूर्वी गळती थांबवायला एका गॅरेजात ते काढून बसवलं होतं आणि बसवताना कडेला सिलिकॉन सोल्युशन सढळ हातानं लावलं होतं. बाहेर आलेलं पुसता येतं, आत दाबलं गेलेलं कुणाला दिसत नाही. ते वाळून सुटलं आणि जाळीपर्यंत आलं. जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग काळ्या रबरी शेवयांनी झाकला होता. मेहुण्यानं चिमट्यानं एकेक शेवई काढून वर्तमानपत्रावर मांडली. सतरा निघाल्या. जाळी डिझेलनं धुतली, चेंबरची कड कोरडी केली, या वेळी काडीपेटीतल्या काडीएवढीच रेघ ओढली, रात्रभर वाळू दिली. नवं ऑइल, नवा फिल्टर. बेअरिंगचं एक टोपण काढून पाहिलं, त्यावर ओरखडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासगाव–सांगली रस्त्यावर तो गाडी चालवत होता आणि मी सुईकडे बघत होतो. साठ, पासष्ट, सत्तर. सुई साडेतीनवर.